शिझुओकाच्या चिवट गाड्या

फुजी पर्वताच्या नैर्ऋत्येस, सुरुगा उपसागराच्या कांठीं जपानांतील शिझुओका नगर वसलें आहे. चहा व लांकूडकाम यांसाठीं तें पूर्वापार प्रसिद्ध. येथेंच १९४६ सालीं लांकडाच्या व्यापारांतून आरंभ झालेल्या तामिया कंपनीनें पुढें बिनतारी यंत्रानें दुरून हांकावयाच्या चिमुकल्या मोटारी जगास दिल्या. त्यांपैकीं खडकाळ माळावर धांवणारींस ‘बगी’ म्हणतात. १९७९ च्या ‘रफ रायडर’चीं पुढचीं चाकें धरणारे दांडे ओतीव धातूचे होते, १९८४ मध्यें निघालेल्या व २००५ सालीं पुनः बाजारांत आलेल्या ‘ग्रासहॉपर’चा सांगाडा मात्र प्लॅस्टिकचा. धातु श्रेष्ठ, असें आपणांस सहज वाटतें. परंतु धोंड्यावर आदळून धातूचा दांडा वांकला, कीं तो वांकडाच राहतो. चिवट प्लॅस्टिक लवतें आणि पूर्ववत् होतें. बारीक धूळ ही दंतचक्रांची वैरीण. म्हणून तीं बंद पेटींत बसविलेलीं असतात. शिवाय गाडी सुट्या भागांनीं येते व मुलानें ती स्वतः जोडावयाची असते. त्यामुळें एखादा भाग मोडलाच, तर तो कसा बदलावा, हें त्यास ठाऊक असतें. घरांतील मुलांस महागडें खेळणें देतांना तें किती भक्कम आहे, ह्याहून तें त्यांच्या हातून दुरुस्त होईल काय, हें वडील मंडळींनीं आधीं पाहावें.