तीन इलेक्ट्रॉनांचा संसार

कॅरम खेळताना बोर्डवर जी पांढरी पावडर टाकता, ती कशाची असते ठाऊक आहे? बहुतेक वेळा बोरिक अ‍ॅसिडची. म्हणजे बोरॉन या मूलद्रव्याशी तुमच्या बोटांची ओळख आधीच झालेली आहे!

आमच्या जतकडच्या डाळिंब बागाईतदारांनाही बोरॉन चांगलं माहीत असतं. झाडाला ते कमी पडलं, की फळं तडकू शकतात. पेशींच्या भिंतीत पेक्टिनच्या साखळ्या असतात. त्या एकमेकींना बांधून ठेवायचं काम बोरॉन करतं.

हा बांधणारा स्वतः मात्र भारी गरीब. बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन फक्त तीन! एका बंधाला दोन इलेक्ट्रॉन लागतात आणि बाहेरच्या कक्षेत आठ झाले की अणू स्थिर होतो, असं आपण शाळेत शिकतो. बोरॉननं तिन्ही इलेक्ट्रॉन भागीदारीत घातले, तरी भरतात सहाच. मला हे फार खटकायचं. वर्गात विचारलं, तर ‘अपवाद आहे, पाठ कर,’ एवढंच उत्तर मिळे. पण खरी गंमत त्या अपवादातच आहे.

डायबोरेन नावाचा एक वायू आहे. त्यात दोन बोरॉन आणि सहा हायड्रोजन. नेहमीसारखे सात बंध जोडायचे, तर १४ इलेक्ट्रॉन हवेत. आहेत १२च! मग दोन हायड्रोजन मधे पुलासारखे बसतात आणि प्रत्येक पुलावर दोन इलेक्ट्रॉन मिळून तीन अणूंना धरून ठेवतात. दोन घागरींत तीन घरं भागवायची म्हणजे काय, हे टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला वेगळं सांगावं लागत नाही. पुलाची ही रचना १९४३ साली लाँग्वे-हिगिन्स यानं आपले शिक्षक बेल यांच्याबरोबर मांडली. तेव्हा तो ऑक्सफर्डमध्ये शिकत होता! पुढे अशाच बोरेनांच्या अभ्यासासाठी लिप्सकोम्ब यांना १९७६चं नोबेल मिळालं.

आणि २०१२ साली तर कमालच झाली. जर्मनीत वुर्झबर्गला होल्गर ब्राऊनश्वाइग यांच्या गटानं दोन बोरॉनमध्ये चक्क तिहेरी बंध असलेला, नेहमीच्या तापमानालाही टिकणारा पदार्थ वेगळा काढला. कसा? आता तुम्हीच मोजा. तिहेरी बंधात सहा इलेक्ट्रॉन, प्रत्येक बोरॉनचे तीन-तीन. शिवाय दोन्ही बाजूंना कार्बनवाला एकेक मदतनीस रेणू. तो आपली इलेक्ट्रॉनची जोडी पुढे करतो. सहा आणि दोन किती? आठ! शाळेतला हिशेब शेवटी जुळला की नाही? गंधक आणि सेलेनियमचे अणूही या बंधात शिरतात, हे त्याच गटानं २०१५ साली दाखवलं.

तेव्हा ‘अपवाद’ हा शब्द पुस्तकात दिसला, की पान उलटू नका. तिथे पेन्सिलीनं खूण करा. आणि आज एवढं करून बघा: कागदावर डायबोरेनचे १२ ठिपके मांडा आणि आई-बाबांना म्हणा, ‘जोडून दाखवा!’