ओळंबा

नेपाळात घरे बांधावयास जाण्याचा माझा बेत ऐकून घरी कोणासच आनंद झाला नाही. "अहो, तिथली जमीन अजून हलते म्हणतात. जन्मभर खडू धरलेल्या हातांनी तुम्ही दगड उचलणार?" पत्नीचा प्रश्न रास्त होता. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तेथे सुमारे नऊ हजार माणसे दगावली होती आणि दोन वर्षांनंतरही लहान धक्के थांबले नव्हते. भीती मलाही वाटत होतीच. परंतु १९९३ च्या भूकंपानंतर मी किल्लारीस गेलो होतो. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंतींनी झोपेतल्या माणसांचा कसा घात केला, हे मी पाहिले होते. नेपाळच्या डोंगरांतही तशाच भिंती कोसळल्या, हे वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना. २०१७ च्या हिवाळ्यात एका स्वयंसेवक पथकासह मी सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील एका खेड्यात पोहोचलो.

आमच्या वाट्यास एका वृद्ध विधवेचे घर आले. सारे तिला 'आमा' म्हणत. पत्र्याच्या खोपटात तिने दोन हिवाळे काढले होते. पहिल्याच दिवशी मी मोठ्या उत्साहाने दगडांचा एक थर रचला. तरुण गवंड्याने दोरी ताणली, ओळंबा सोडला आणि काही न बोलता माझा सारा थर उतरवून ठेवला! विद्यार्थ्यांच्या वह्यांवर मी आयुष्यभर मारलेल्या लाल रेघा मला त्या क्षणी आठवल्या.

तो पुण्यास काम करून आलेला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने मला समजावले, "बाजे, भिंतीला दोन अंगे असतात. त्यांना बांधणारा लांब दगड मध्ये नसला, तर धक्क्यासरशी एक अंग आत पडते, दुसरे बाहेर." म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार पोचणारे दगड घालावयाचे आणि भिंतीभोवती लाकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा कमरबंदासारखा फिरवावयाचा. तेथील सरकार घरासाठी तीन लाख नेपाळी रुपये देई, पण हप्त्यांनी. काम नियमाप्रमाणे नसले की पुढचा हप्ता अडे. मी हौसेने रचलेल्या वाकड्या थराने आमाचे घर अर्ध्यावरच थांबले असते. निघताना प्रत्येकाने माझ्या जिवाची काळजी केली. माझ्या हातांपासून त्या घराला काही धोका आहे का, हे कोणाच्या मनातही आले नव्हते. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी लांब दगड निवडण्याचे आणि चिखल मळण्याचे काम पत्करले. ते मला बरे जमले.

सहाव्या रात्री भांडी खणखणली. आम्ही अंगणात धावलो. माझे पाय लटपटत होते. आमाने मुकाट्याने माझ्या खांद्यावर आपली घोंगडी टाकली. उजाडताच गवंडी आला. त्याने भिंतीशी ओळंबा धरला. तो डुलता डुलता स्थिर होईपर्यंत आमा, मी आणि पथकातील सारी मंडळी श्वास रोखून त्याच्याकडे पाहत उभी होतो. "ठीक छ," तो म्हणाला, आणि त्याने मजपुढे चिखलाचे रिकामे घमेले सरकवले.