सामान वजा जाता

पुरुषोत्तमनगरहून समुद्र दिसत नाही. दिसतो तो उसाचा हिरवा पट्टा, सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं धुराडं, गाळपाच्या दिवसांत रात्रीही न थांबणारी उसाची वाहतूक आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग. हवेत मळीचा आंबूस-गोड वास असतो, खाऱ्या वाऱ्याचा नव्हे. तरीही इथे राहून मला एक आवड जडली आहे. जगात कुठे कुठे विकायला निघालेल्या जुन्या शिडाच्या नौकांच्या याद्या मी वाचतो. घेण्यासाठी नाही. एखादं जुनं रोजनिशीचं पान वाचावं तसा वाचतो.

दूरच्या सफरीसाठी बांधलेली, एखादं कुटुंब महिनोन्‌महिने राहू शकेल अशी नौका विकायला काढली, की मालक एक लांबलचक यादी करतो. आरंभी लांबी, रुंदी, बांधणीचं साल, फायबरग्लास की लाकूड की पोलाद. मग शिडं, प्रत्येकाच्या वयासकट. मोठं शीड सहा हंगाम वापरलेलं, पुढचं गुंडाळशीड नवं, वादळी शीड ‘कधीच न उघडलेलं’. मग नांगर दोन, त्यांच्या साखळीची लांबी, नांगर ओढणारा रहाट. डिझेल इंजिन आणि त्याने काम केलेले तास. बॅटऱ्या, सौर पट्ट्या, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, रडार, जीपीएस, रेडिओ, आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा. फुगवायचा जीवरक्षक तराफा आणि तो शेवटचा कधी तपासून घेतला ती तारीख. शेवटी शेवटी चहाची किटली, हेलकाव्यातही सरळ राहणारी शेगडी, बिछान्याच्या कडेला अंग पडू नये म्हणून लावायची कापडी आडवण.

ही यादी सामानाची असते, पण वाचताना माणूस दिसू लागतो. दुसरा नांगर त्याने का घेतला असेल? कुठल्या तरी बंदरात पहिला सुटला असेल आणि रात्र जागून काढावी लागली असेल. वादळी शीड न उघडलेलं आहे, म्हणजे याचं नशीब चांगलं, किंवा हा शहाणा, ऋतू बघून निघणारा. कापडी आडवण एकाच बिछान्याला आहे, म्हणजे बहुधा एकट्याने केलेला प्रवास. विकणाऱ्याने कारण लिहिलेलं नसतं. वय झालेलं असतं, जोडीदार गेलेला असतो, गुडघे बोलू लागलेले असतात. जी वस्तू अंगाखाली घेऊन माणसाने समुद्र ओलांडला, तिची किंमत आकड्यात लिहिताना हात जड होत असणार, असं मला वाटतं.

पण विकत घेणाऱ्याने या यादीत हरवून जाऊ नये. आमच्या शहादा तालुक्यातच तापीकाठी सारंगखेडा आहे. तिथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यात घोड्यांचा मोठा बाजार. घोडा घेणारा आधी दात बघतो, खूर उचलून बघतो, मग चालवून आणि पळवून बघतो. खोगीर, लगाम, गोंड्यांचा साज हे सगळं शेवटी, आणि तेही बहुतेक वेगळ्या दुकानात. जुनी नौका घेणाऱ्यानेही असंच वागावं. रडार आणि जीपीएस हा साज आहे. तो दहा वर्षांत जुना होतो, त्याचे पैसे मोजणं म्हणजे खोगीरभरतीचे पैसे मोजणं. बघायचं ते अंग. जाणता तपासनीस लहान हातोडी घेऊन पाण्यातून बाहेर काढलेल्या नौकेच्या तळावर टकटक करत फिरतो. घट्ट जागी आवाज टणक येतो, आतून थर सुटले असतील तिथे बोदा. फायबरग्लासमध्ये वर्षानुवर्षं पाणी झिरपलं, की त्वचेवर फोड यावेत तसे फोड येतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा बाहेरून चकचकीत असतात आणि टोकाच्या बुचात आतल्या आत कुजतात. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलायच्याच, कितीही चांगल्या दिसोत. तारा नौकेच्या अंगाला जिथे जखडल्या आहेत त्या पट्ट्या, तळाचं वजन धरणारे बोल्ट, पाण्याखालच्या भोकांवरचे झडपेचे नळ, या गोष्टी यादीत एका ओळीत येतात किंवा येतच नाहीत. जीव मात्र त्यांच्यावर असतो.

हे सगळं समुद्राकाठच्या लोकांचं शास्त्र, आपला काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध तापीचा आहे. प्रकाशा गावाजवळ तिला गोमाई नदी मिळते, पुढे हे पाणी उकाईच्या जलाशयात शिरतं आणि शेवटी सुरतेजवळ समुद्राला मिळतं. त्याच सुरतेत जहाजं बांधणारा लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली मुंबईला आला. ईस्ट इंडिया कंपनीला गोदी उभारायची होती. लवजीने आणि त्याच्या वंशजांनी मुंबईत सागवानी जहाजांची जी परंपरा उभी केली तिला जगात तोड नव्हती. इंग्लंडात ओकची झाडं कमी पडू लागली तेव्हा ब्रिटिश आरमाराने मुंबईत जहाजं बांधून घेतली. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागाच्या अंगातलं तेल खिळ्याला सांभाळतं आणि लाकूड कुजू देत नाही. 1817 साली मुंबईत मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. नवापूर आणि डांगच्या जंगलातला साग पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये. त्या झाडाच्या पानाने हात लाल होतो आणि खोड माणसाच्या चार पिढ्या पुरतं.

या परंपरेच्या शेवटच्या फांदीवर एक लहानशी नौका आहे, आणि मला सगळ्यात जवळची वाटते ती हीच. तिचं नाव ‘सुहेली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजावरचा तरुण अधिकारी. त्याने ती मुंबईत, कुलाब्याच्या कारखान्यात बांधून घेतली. बत्तीस फूट लांब, दोन डोलकाठ्यांची, अंग सगळं सागाचं. मुंबईच्या सुतारांनी ती वाकस आणि हाताच्या सामत्याने घडवली. आराखडा तेव्हाही जुनाच होता, वेगासाठी कुणी निवडावा असा नव्हता. डिसेंबर 1964 मध्ये ती पाण्यात उतरली आणि पुढे केप ऑफ गुड होपला वळसा घालून इंग्लंडला गेली.

1968 साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धा जाहीर झाली. तोवर असं कुणीच केलेलं नव्हतं. नॉक्स-जॉन्स्टनला मोठी, पोलादी, नवी नौका हवी होती. तिच्यासाठी त्याने सुहेली विकायला काढली. पैसे काही उभे राहिले नाहीत. मग नाइलाजाने, जी होती तिलाच घेऊन तो 14 जून 1968 रोजी फाल्मथहून निघाला.

पुढचा प्रवास म्हणजे यादीतली एकेक वस्तू खोडत जाणं होतं. सुरुवातीच्या काही महिन्यांतच रेडिओ बोलेनासा झाला. दक्षिणेच्या सागरात लाटेने नौका आडवी केली, टाकीतलं पिण्याचं पाणी बिघडलं. मग शिडावर पडणारा पाऊस साठवून दिवस काढायचे. वाऱ्यावर चालणारी सुकाणूची यंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ कायमची मोडली. तिथून पुढे अर्धं जग त्याने शिडं तोलून-मापून, सुकाणू बांधून पार केलं. त्याआधी अटलांटिकमध्येच तळाच्या फळीची सांध उघडली होती आणि पाणी आत येत होतं. एकटा माणूस पाण्यात उतरला, श्वास रोखून नौकेखाली गेला, सांधीत कापूस कोंबला, वर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. मधे शार्क घिरट्या घालू लागला तेव्हा वर येऊन बंदूक चालवली आणि परत पाण्यात गेला. स्पर्धेत नऊ जण उतरले होते. बाकीच्या आठांपैकी कुणी परतला, कुणाची नौका बुडाली, कुणी बक्षिसाकडे पाठ फिरवून दुसऱ्या दिशेला गेला, एक जण समुद्रातच हरवला. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, फाल्मथला परत पोहोचली ती एकटी सुहेली. कुलाब्याच्या सुतारांनी जोडलेलं सागाचं अंग जागेवर होतं. बाकी बहुतेक सगळं मोडून गेलं होतं.

पुढे तिला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलं. तिथली राखलेली कोरडी हवा तिला मानवली नाही. सागाच्या फळ्या आकसू लागल्या, सांधी उघडू लागल्या. नॉक्स-जॉन्स्टनने तिला तिथून काढून परत घेतलं, डागडुजी केली आणि पुन्हा पाण्यात सोडलं. मला हा प्रसंग पराक्रमाहूनही मोठा वाटतो. नौकेला जतन करायचं तर तिला वापरावं लागतं, हे त्या माणसाला कळलं होतं.

आपल्याकडे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचं स्वप्न पुन्हा पेटवलं ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी. त्यांचा जन्म सुरतेचा, म्हणजे आमच्याच तापीच्या मुखाशी, आणि निवृत्तीनंतरचं घर फलटणजवळ विंचुर्णीला, समुद्रापासून पार आत. शेतीवाडीत बसून त्यांनी भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने जग फिरावं असा ध्यास घेतला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादई’ बांधली. कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये जग फिरून परतले. 2012-13 मध्ये त्याच, आता वापरून जुन्या झालेल्या म्हादईतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. 2018 साली पुन्हा भरलेल्या गोल्डन ग्लोबसाठी दांडेकरांनी सुहेलीची प्रतिकृती बांधली, ‘तुरिया’. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात तिची डोलकाठी मोडली, अभिलाष यांच्या पाठीचे मणके दुखावले, आणि फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. चार वर्षांनी ते पुन्हा त्याच स्पर्धेत उतरले. या वेळी नौका ‘बायनात’, जुन्या आराखड्याची छत्तीस फुटी फायबरग्लासची. स्पर्धेचा नियमच असा, की जीपीएस वापरायचा नाही. तारे, सूर्य आणि कागदी नकाशा. वाटेत वाऱ्यावर चालणारी सुकाणू-यंत्रणा मोडली तेव्हा त्यांनी शौचालयाचं दार कापून तिचा भाग बनवला. एप्रिल 2023 मध्ये ते दुसरे आले. विक्रीच्या यादीत शौचालयाच्या दाराला कुणी ओळ देत नाही.

म्हणून माझं मत पक्कं झालं आहे. जुनी नौका बघताना यादीतलं सगळं सामान मनातून वजा करावं. रडार काढा, रेडिओ काढा, गोड्या पाण्याचं यंत्र काढा, आपोआप चालणारं सुकाणू काढा. वजा जाता उरतं ते अंग, शीड, दोर आणि दुरुस्ती जाणणारे दोन हात. तेवढं धड असेल तर ती घ्यावी. नसेल तर सामान फुकट दिलं तरी घेऊ नये.

आणि हात समुद्रावरच तयार होतात असं नाही. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर. सातपुडा, नर्मदा आणि विंध्य ओलांडले की माळवा, आणि माळव्यातच तिचं गाव. आमच्याहूनही समुद्रापासून लांब. हैदराबादच्या हुसेनसागरातही गरिबाघरची मुलं असंच शीड धरायला शिकतात.

आमच्याकडे तर सारंगखेड्याला आणि प्रकाशाला बॅरेजमागे तापीचं पाणी अडून उभं आहे. सातपुड्यापलीकडे अक्राणी-अक्कलकुव्याच्या किती तरी पाड्यांना नर्मदेच्या फुगवट्यातून होडीशिवाय वाट नाही. त्या मुलांना पाण्याची भीती नाही, पाण्याची विद्या मात्र कुणी दिलेली नाही. ऑप्टिमिस्ट नावाची मुलांची शिडाची होडी जेमतेम आठ फुटांची असते, आणि मुलं मोठी झाली की क्लब ती जुनी होडी काढून टाकतात. मुंबई, पुणे, गोव्याच्या ज्या मंडळींकडे अशा होड्या शेडमध्ये पडून आहेत त्यांना माझी विनंती आहे: त्या शहादा तालुक्याकडे पाठवा. शीड फाटकं असलं तरी चालेल, इथे शिवून घेऊ. सोबत पोहायला आणि शीड धरायला शिकवणारा एक जाणता माणूस आणि प्रत्येक मुलासाठी एक जीवरक्षक जॅकेट मात्र पाठवा. त्या दोन गोष्टी यादीतून वजा करता येणार नाहीत.