चढावरचा काटा

रत्नागिरीच्या एका सरांची जुनी एमपीएफआय पेट्रोल गाडी माझ्या गॅरेजला आली. गावात झकास चालायची, पण कोल्हापूरला जाताना आंबा घाटात ओढायची नाही. दुसऱ्या गिअरलाही धक्के मारायची. स्कॅनरवर मिश्रण पातळ असल्याचा कोड होता. आधीच्या मिस्त्रीने प्लग बदलले, ऑक्सिजन सेन्सर बदलला, आणि शेवटी पंपच गेलाय म्हणाला. सर नवा पंप घेऊनच आले होते.

पेट्रोल कमी पडतंय की कुठून जादा हवा शिरतेय, हे त्या कोडवरून कळत नाही. प्रेशर गेज लावावंच लागतं, आणि ते लावताना घाई चालत नाही. इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये प्रेशर कोंडलेलं असतं. तसाच पाइप सोडला तर पेट्रोलची चिळकांडी गरम इंजिनावर उडते. मी आधी पंपाचा रिले काढतो, इंजिन आपोआप बंद पडू देतो, बॅटरीची निगेटिव्ह सोडतो आणि जॉइंटवर फडकं गुंडाळून मगच पाना लावतो.

आयडलला काटा 2.4 बारवर होता. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली तर 3 वर गेला. नळीला पेट्रोलचा वास नाही, म्हणजे रेग्युलेटरचा पडदाही शाबूत. पुष्कळ ठिकाणी तपासणी इथेच थांबते. ते मला अजिबात पटत नाही. आयडलला इंजिन पेट्रोल पितंच किती? पंपाने पाठवलेलं बहुतेक पेट्रोल रिटर्न पाइपने टाकीत परत जातं. पंप दमलेला असला तरी रेग्युलेटर कमी परत सोडतो आणि प्रेशर धरून ठेवतो. चढावर इंजेक्टर जास्त वेळ उघडे राहतात, परत पाठवायला काही उरत नाही, आणि तेव्हाच खरं काय ते दिसतं.

म्हणून लांब नळी लावून गेज बॉनेटबाहेर काढलं आणि वायपरखाली काचेवर बांधलं. (पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही घेऊ नये.) सरांना शेजारी बसवून साखरप्याहून घाट चढायला लागलो. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम जातो, तेव्हा काटा 3 कडे चढायला हवा. तो उलट उतरत गेला: 2.2, 2, आणि एका वळणावर 1.6. गाडी धक्के मारायला लागली. “हेच! इथेच होतं हे!” सर म्हणाले.

तरी मी पंपाला हात लावला नाही. पंप म्हणजे मोटरच; व्होल्ट कमी मिळाले की ती हळू फिरणार. गॅरेजला येऊन मागची सीट उचलली आणि इंजिन चालू ठेवून मीटर लावलं. बॅटरीवर 14 व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर साडेदहा. मग मीटरचं एक टोक पंपाच्या अर्थ वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, दिसले 3. अर्थचा बोल्ट खोलला तर वायरची रिंग हिरवी पडलेली, खाली पत्र्यावर गंजाचा थर. खाऱ्या हवेतल्या गाड्यांचं हे जुनंच दुखणं.

पॉलिश पेपरने पत्रा घासून चकचकीत केला, नवी रिंग दाबून बसवली, वर व्हॅसलीन फासलं. मीटरवर 0.1. पुन्हा तोच घाट चढलो, काटा 3 वरून हलला नाही. नवा पंप बसवला असता तर त्यालाही साडेदहाच व्होल्ट मिळाले असते. त्याचा खोका अजून फोडला नव्हता, म्हणून दुकानदाराने तो परत घेतला.