लेकरू खाईना तेव्हा

बारामती तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या खाली जी घरं होती, त्यांच्याकडं ऊस, गूळ आणि दुभती जनावरं. कालव्याच्या वर, सुप्या-मोरगावच्या अंगाला, ज्वारी, हुलगा, मटकी आणि पावसाची वाट. इंदापूर तालुक्यातही तसंच. पाणी पोचलं तो भाग निराळा, उरलेला माळ निराळा. साठ-सत्तरच्या दशकात आम्ही या दोन्हीकडच्या घरांत वाढलो, पुढं एकमेकांच्या घरी सुना होऊन गेलो. एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखीच निघाली. दीड-दोन वर्षांचं लेकरू खायला नाटकं करतंच, मग कणगी भरलेली असो नाहीतर रिकामी.

आता आमच्या सुना विचारतात, "आत्या, तुमच्या वेळी काय करायचात हो?" खरं सांगायचं तर एकटीनं कुणी काही करतच नव्हतं. आईनं दोन घास पुढं करायचे, पोरानं तोंड फिरवलं की ती उठून भाकरी थापायला. तिला थांबायला सवड कुठं होती? पोरगं चुलतीच्या मांडीवर, तिथं नाही जमलं तर आत्याच्या कडेवर, शेवटी आजीकडं. आजी कोंबड्यांना दाणे टाकत अंगणभर फिरायची आणि मधेच एक घास त्याच्या तोंडात सारायची. एवढं करूनही नाही खाल्लं, तर आजोबा जेवायला बसेपर्यंत कुणी त्याच्या वाटेला जात नसे. आजोबांच्या ताटातला घास नाकारणारं पोर आमच्यात कुणी पाहिलं नाही. सकाळपासून थुंकलेलाच तो डाळ-भात, पण म्हाताऱ्याच्या बोटांतून आला की गोड.

खाण्याचे प्रकार काही फार नव्हते. रात्रीची उरलेली शाळूची भाकरी सकाळी दुधात चुरून, वर गुळाचा खडा. जिरायती घरात दूध नसेल तर ज्वारीच्या कण्या ताकात. सर्दी झाली की हुलग्याचं माडगं, गूळ घालून, पातळ आणि गरम. पण आमच्या मते सगळ्यात हुशारीचा पदार्थ शेंगोळी. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, मीठ घालून हातावर वळायची आणि आधणात सोडायची. मोठ्यांच्या पिठात तिखट पडायच्या आधी लेकरापुरता एक गोळा काढून ठेवायचा. शिजलेलं शेंगोळं पोराच्या मुठीत बरोबर मावतं. भरवलं तर नको म्हणणारं लेकरू स्वतःच्या हातातलं अर्धं खातं, अर्धं अंगाला फासतं, आणि ते अर्धं पोटात गेलं तरी पुष्कळ. हुलग्यात लोह असतं हे आम्हाला फार पुढं कळलं.

बागायती घरांत गुऱ्हाळ लागलं की लेकरांचे नखरे निम्मे व्हायचे. बारामतीची गुळाची पेठ नावाजलेली, पण आम्हा पोरांना पेठेशी काय करायचंय; भाकरीवर काकवी ओतून मिळाली की झालं. तिकडच्याच घरांतून तूप-गूळ लावलेल्या चपातीची सुरळी बालवाडीत यायची. माळावरच्या घरात गहू सणाला दिसायचा, त्यामुळं आमची दशमी फडक्यात बांधलेली. दुधात पीठ मळलेली, दुसऱ्या दिवशीही मऊ राहणारी, गुळाची असली तर भाजीवाचून भागणारी. डबा म्हणून पत्र्याची डबी हाती आली तीसुद्धा थोरल्या भावंडांची वापरून झालेली.

१९७२ च्या दुष्काळात पोरांनी निमूट खाल्लं, असं पुष्कळजण सांगतात. तसं काही नव्हतं. आई-वडील खडी फोडायला, रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो. त्याची भाकरी धड थापली जात नसे आणि लेकरं ती सरळ थुंकत. दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे, ती मात्र हीच पोरं मूठ मूठ खायची. घरात दुसरं काही नव्हतं तरी त्यांना निवड होतीच. आईला मार द्यावासा वाटला असेल, दिलाही असेल.

पुढं १९८० च्या सुमारास उजनीचं पाणी साठलं, इंदापूरच्या कडेची गावं उठली आणि भिगवणकडच्या घरांत मासे नित्याचे झाले. लहानग्याला द्यायचा तर मरळ, त्याला काटे कमी. तरीही आजी बोटांनी चाचपूनच भाकरीच्या पापुद्र्यात घालून द्यायची. अंगणवाडीची योजना १९७५ मधली, आमच्या गावांत ती यथावकाश आली. घरी उसळीला हात न लावणारी पोरं तिथं रांगेत बसून ताटली पुसून खातात, हे बघून आया चकित. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही; आजोबांचं ताट आम्ही पाहिलेलं होतं.

आमच्या घरांतलं सगळंच उचलण्यासारखं मात्र नाही. नाक दाबून घास कोंबणाऱ्या चुलत्याही होत्या. आणि चहा! रडतंय, दे चहात चपाती बुडवून. खात नाही, दे बशीत चहा ओतून. पोर शांत व्हायचं, भूकही मरायची. चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे तेव्हा कोण सांगणार? पांढुरकी पडलेली पोरं बघितली की दृष्ट काढायची, मीठ-मिरची चुलीत टाकायची, आणि वर परत चहा.

आजच्या सुनेची अडचण वेगळी आहे. घरात तिच्याखेरीज दुसरे हात नाहीत. नर्सरीची गाडी सकाळीच दारात, आणि नातवाला हवं असतं ते चॉकलेटचं अंडं. ते किंडर जॉय बारामतीच्याच एमआयडीसीत फेरेरोच्या कारखान्यात बनतं. त्या कारखान्यात गावोगावच्या बायका कामाला जातात, त्यांच्या पगारावर घरं उभी राहिलीत. नावं ठेवायचं कारण नाही. पण ते डब्यात नको.

डब्यात काय द्यावं म्हणाल, तर ज्वारीच्या पिठात दुधी किसून केलेली छोटी धिरडी द्या, दशमीचे तुकडे द्या, बिनतिखटाची शेंगोळी घट्टसर आटवून द्या. शेंगदाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात; कूट करून गुळात वळा. डबा लहानच घ्या. अर्धा परत आला तर रागावू नका, दुपारी तेच आपल्या ताटात वाढून घ्या आणि लेकराला शेजारी बसवा. सासरा घरी असेल तर त्याच्या पंक्तीला बसवा, त्याचा टीव्ही बंद करून. चहा मात्र देऊ नका, कुणी वडीलधाऱ्यांनी आग्रह केला तरी.