चावी नखभर सैल

एस्प्रेसोच्या यंत्राचं झाकण काढलं आणि तापलेल्या पितळेचा वास आला. आतल्या झडपेचा स्क्रू फिरवून दाब उतरवायचा होता, ॲलन की हातात होती, पण वासानं हात थांबला. हा आत्याच्या स्टोव्हचा वास. त्यात रॉकेल नव्हतं, तरी तोच.

यंत्राच्या खोक्यावर ‘१५ बार’ असं ठळक छापलेलं असतं. त्या आकड्यावर माझा जुना राग आहे. १५ ही पंपाची ताकद. कॉफीला लागतात ९. सुमारे ९० मीटर उंच पाण्याचा स्तंभ खाली जेवढा रेटा देईल, तेवढा. एवढासा पुडीचा थर, त्याला हाही पुष्कळ झाला. त्याहून जास्त दिला की पाणी पुडीत कुठेतरी वाट फोडतं आणि तिथूनच धावतं. तिथली पूड पार निथळते, बाकीची कोरडीठाक राहिल्यासारखी, आणि घोटात कडू नि आंबट एकदमच येतं. जास्त म्हणजे चांगलं हे गिऱ्हाइकाच्या मनात इतकं पक्कं बसवलंय, की लोक दोष बियांना देतात.

आत्याचा स्टोव्ह पंपाचा. काकडा पेटवून बर्नर तापला की ती चावी आवळायची आणि पंप मारायची. फर्रर्र आवाज सुरू झाला की ज्योत निळी. रात्री उशिरा पाहुणे आले की जायफळाची कॉफी ठरलेली. दूध वर यायला लागलं तरी ती पातेलं उतरवत नसे. चावी नखभर सैल करायची, फुस्स होऊन हवा जायची, आवाज खाली यायचा, की लगेच चावी घट्ट. किती हवा सोडायची हे ती बघत नसे. तोंड पाहुण्यांकडे, बोलणं चालू, कान स्टोव्हकडे.

मिलानमध्ये १९०१ साली लुइजी बेझेरानं पेटंट घेतलेलं यंत्र वाफेच्या दाबावर चालायचं. दाब जेमतेम दीड बार, पण उष्णता फार, त्यामुळे कॉफी करपट. आकिले गाज्जानं वाफ बाजूला सारली. महायुद्धानंतर आलेल्या त्याच्या यंत्रात दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाई आणि सुटताना ती पाणी पुडीतून रेटत असे. कपावर सोनेरी फेस दिसला तो तेव्हा. १९६१ मध्ये फाएमाच्या ‘ई६१’नं स्प्रिंगऐवजी विजेचा पंप आणला, नाव त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून. दाब ९ वर एकसारखा राहू लागला. सोय झाली खरी, पण माझं मन स्प्रिंगकडेच ओढतं. ती सुटत जाते तसा रेटा आपोआप उतरतो, म्हणजे शेवटचा कडवट भाग यायच्या वेळी पाणी मवाळ झालेलं असतं. आत्याला हे सांगितलं असतं तर तिला नवल वाटलं नसतं.

झडपेचं काम तसं साधं. भोकं नसलेली चाळणी बसवायची, दाबमापक जोडायचं, पंप सुरू करायचा. काटा १२ च्या पुढे गेला. स्क्रू डावीकडे पाव फेरा, पुन्हा पंप. १० च्या आसपास थांबले, कारण खरी कॉफी गळताना दाब आणखी थोडा उतरतो. या पंपात विद्युतचुंबकाच्या ओढीनं एक दट्ट्या मागेपुढे होतो, आपल्या विजेवर सेकंदाला ५० ठोके. दाब चढतो तसा त्याचा आवाज जड होतो. आता मापक कपाटात आहे. आवाजावरून कळतं.

आत्याकडे गॅस आला आणि तिचं दूध उतू जायला लागलं. घरातले म्हणाले, वय झालं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. गॅसला आवाज नसतो. तिच्या कानांना धरायला काही उरलंच नव्हतं. स्टोव्ह तिला न विचारता पितळेच्या भावानं मोडीत गेला. कौतुक झालं ते तिच्या लोणच्यांचं. त्या चावीवरच्या हाताचं कुणी केलं नाही, आणि हे मला अजून लागतं.

दूध घातलेल्या कॉफीत मी जायफळ घालतेच. किसलेलं दाताखाली येतं. सहाणेवर चमचाभर दुधात उगाळावं, आणि तेही यंत्राचं बटण दाबायच्या आधी, कारण एस्प्रेसोवरचा फेस आपल्यासाठी थांबत नाही.