एका डोक्यातून निघालेली दोन पिस्तुलं

पिस्तूल म्हटलं की आपल्याला आठवतो हिंदी सिनेमातला व्हिलन, नाहीतर त्याच्या मागे धावणारा इन्स्पेक्टर. पण मंडळी, एकदा पिस्तुलाचं सेक्शनल ड्रॉइंग बघाच. थिअरी ऑफ मशीन्सचा निम्मा सिलॅबस मुठीएवढ्या जागेत कोंबलेला दिसेल!

माझी आवडती दोन. एक अमेरिकेचं कोल्ट एम १९११ आणि दुसरं बेल्जियमच्या एफएन कंपनीचं हाय-पॉवर. गंमत म्हणजे दोन्हींचा बाप एकच, जॉन ब्राउनिंग. १९११ चे हक्क त्याने कोल्टला विकले होते. त्यामुळे एफएनसाठी काम करताना त्याला स्वतःच्याच पेटंटना वळसा घालावा लागला. म्हणजे स्वतःचीच असाइनमेंट कॉपी करायची नाही, अशी अट! १९२३ मध्ये त्याने नव्या पिस्तुलाच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९२६ मध्ये लिएजच्या कारखान्यातच तो वारला. उरलेलं काम द्यूदोने साइव्ह या इंजिनिअरने पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते पिस्तूल बेल्जियमच्या सैन्यात आलं.

आता फरक बघू. गोळी सुटली की दोन्हींत नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत थोड्या मागे येतात. मग नळीची मागची बाजू खाली झुकते, ती स्लाइडपासून सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाऊन रिकामं काडतूस बाहेर फेकते. १९११ मध्ये नळीला खाली खेचायला एक छोटी हलती लिंक आहे. हाय-पॉवरमध्ये ती लिंकच काढून टाकली आणि नळीखाली कॅमचा खाचा दिला. एक हलता पार्ट कमी! पुढच्या काळातल्या बहुतेक पिस्तुलांनी ही कॅमचीच पद्धत उचलली.

हातात धरायला कसं? १९११ चं वजन साधारण १.१ किलो, मॅगझिनमध्ये .४५ च्या ७ गोळ्या एका रांगेत, म्हणून मूठ चपटी. हाय-पॉवर जरा हलकं, आणि साइव्हने केलेल्या दोन रांगांच्या मॅगझिनमध्ये ९ एमएमच्या १३ गोळ्या. तरी मूठ बेढब होत नाही, हे त्याचं कसब. धक्क्याचा हिशेब तर आपण फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सने करू शकतो. .४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅम, वेग सेकंदाला २५० मीटर. ९ एमएमची ८ ग्रॅम, वेग ३५० मीटर. गुणाकार करा. पहिलीचा मोमेंटम एक तृतीयांश जास्त निघतो, तोच मनगटाला जाणवतो.

चाप मात्र १९११ चा सरस. तो सरळ रेषेत मागे सरकतो. हाय-पॉवरमध्ये चापाचा दाब आधी वर स्लाइडमधल्या एका लिव्हरकडे जातो, तिथून पुन्हा खाली उतरतो. शिवाय मॅगझिन काढलं की पिस्तूल उडूच नये, अशी एक सेफ्टी चापाला जोडलेली. ती मॅगझिनवर घासते आणि चाप जड लागतो. म्हणून कितीतरी जण ती काढूनच टाकतात! १९११ मध्ये वेगळी युक्ती आहे. मुठीच्या मागे एक ग्रिप सेफ्टी असते. तळहाताने ती दाबली गेल्याशिवाय चाप हलत नाही.

हे सगळं मी रूममेटला उत्साहाने सांगत होते. ती शांतपणे म्हणाली, "अगं, माणसं मारायच्या वस्तूचं एवढं कौतुक?"

मी म्हटलं, "नीट बघ ना, यातले बरेच पार्ट गोळी सुटू नये म्हणूनच आहेत."

"ती सेफ्टी धरणाऱ्याची. समोरच्याचं काय?"

कॉन्व्हेंटमध्ये दहा आज्ञा पाठ करून मोठी झालेली मी, पण मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण तिचा मुद्दा इतिहासानेच सिद्ध केलाय. १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतलं आणि एफएनच्या त्याच कारखान्यात आपल्या सैन्यासाठी हाय-पॉवर बनवून घेतलं. तिकडे टोरांटोच्या इंग्लिस कंपनीत हेच पिस्तूल दोस्तांसाठी बनत होतं. डिझाइन एकच, सैन्यं समोरासमोर! ग्रिप सेफ्टीला तळहात आहे की नाही एवढंच कळतं. तो कोणाचा, हे कळायची सोय कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नाही.

हाय-पॉवर आपल्यापासूनही लांब नाही. आपल्या सैन्याचं ९ एमएम १ए हे त्याचंच रूप, बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं. एनसीसी कॅम्पला एका सुभेदारसाहेबांनी ते हातात देण्याआधी मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली आणि म्हणाले, "बेटा, पहले चेंबर देखो." मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते, म्हणून. त्यांना स्वतःला दिसत होतं ते रिकामं आहे, तरी मला बघायला लावलं. एवढ्या सेफ्ट्या असलेल्या यंत्रावरही त्यांनी स्वतःचा विश्वास सोपवला नव्हता.

मला वाटतं, रूममेटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. मशीन निम्मी जबाबदारी घेतं, उरलेली माणसाची. आणि त्या माणसांत फक्त चाप ओढणारा नाही, ड्रॉइंग काढणाराही येतो. "आम्ही काय, फक्त बनवतो" असं म्हणून इंजिनिअरला सुटता येणार नाही.

आपल्याकडे खडकी, वरणगाव, अंबरनाथला आयुधनिर्माण्या आहेत. पुढच्या वर्षी तिकडे अर्ज करायचा की नाही, हे माझं अजून ठरत नाहीये. सीमेवरच्या जवानाच्या हातातलं पिस्तूल ऐनवेळी अडकू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि तिचा प्रश्नही खोटा नाही. केला अर्ज, तर तो प्रश्न बरोबर घेऊनच जाईन म्हणते. सध्या तरी आमच्या रूममध्ये वाद चालू आहे. कोणाला भाग घ्यायचा असेल तर या, चहा आपापला आणायचा!